क्रीडांगण कोणाच्या पैशानें?

एकादें मोठें क्रीडांगण उभें राहिलें म्हणजे उद्घाटनाचा सोहळा होतो, कोनशिलेवर नांवें कोरलीं जातात, वृत्तपत्रांत छायाचित्रें येतात, आणि त्या दिवसापुरतें तरी सगळ्या शहरास तें आपलें वाटतें. त्याचा खरा खर्च मात्र त्या दिवसानंतरच सुरू होतो. हिरवळ पाणी मागते, छप्पर डागडुजी मागतें, माळी व पहारेकरी पगार मागतात. आणि ज्या सामन्यांसाठीं हा सारा खटाटोप, ते वर्षांतून मोजके दिवस होतात. देऊळ बांधणाराचें नांव शिलालेखांत राहतें, रोज तेलवात करणाराचें कोणी घेत नाहीं. क्रीडांगणांची कथाहि अशीच आहे. हा खर्च कोणीं सोसावा व सोसणारास त्याबद्दल काय मिळावें, या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें मुंबई शहरानें चर्चगेटच्या परिसरांत, पायीं थोडक्या मिनिटांच्या अंतरावर, सिमेंट-काँक्रीटमध्यें बांधून ठेविलीं आहेत. त्यांतील एकाचें नांव ब्रेबोर्न स्टेडियम व दुसऱ्याचें वानखेडे स्टेडियम.

हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरांत मुंबईस झाला, तो बाँबे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथ यांनीं पदार्पणांतच ११८ धावा काढल्या, तो हाच सामना. त्या मैदानाभोंवतीं कायमचें प्रेक्षागार नव्हतें. तात्पुरते मांडव घालून वेळ निभावली. शिवाय जिमखान्याचें सभासदत्व त्या काळीं युरोपियनांपुरतेंच मर्यादित होतें. म्हणजे हिंदी खेळाडूंनीं पराक्रम गाजवावा तो परक्याच्या अंगणांत, अशी ती स्थिति होती. आपलें स्वतःचें, पक्क्या बांधणीचें क्रीडांगण असावें ही ओढ त्या स्थितींतून उत्पन्न झाली. त्याच वर्षीं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्यामागें मुख्य खटपट होती ती अँथनी डी मेलो यांची. क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले चिटणीस तेच.

डी मेलो यांच्या खटपटीची एक आख्यायिका क्रिकेटच्या इतिहासांत वारंवार सांगितली जाते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना त्यांनीं विचारलें कीं, सरकारास पैसा हवा कीं आपणांस अमरत्व हवें? लाटसाहेबांनीं अमरत्व पसंत केलें, आणि बॅकबे येथें समुद्र हटवून काढलेल्या जमिनींतून ९०,००० चौरस वार जागा दर वारास साडेतेरा रुपये या भावानें संस्थेस मिळाली. गोष्ट मोठी चटकदार आहे. पण तिच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहिली पाहिजे. बॅकबेची ती भरणी-योजना विसांच्या दशकांत सरकारास भलतीच महाग पडली होती. तिच्या कारभारावर वीर नरीमन यांनीं झोड उठविली होती आणि तें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें होतें. पुढें जगभर मंदी आली. अशा वेळीं साडेतेराच्या भावानें हिशेब केल्यास १२ लक्ष १५ हजार रुपये देणारें गिऱ्हाईक सरकारास अगदींच नकोसें झालें असेल, असें म्हणवत नाहीं. अमरत्वाच्या सौद्यांत व्यवहार मुळींच नव्हता, असें समजण्याचें कारण नाहीं.

२२ मे १९३६ रोजीं कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजीं क्रीडांगण खुलें झालें. ग्रेगसन, बॅटली आणि किंग या वास्तुविशारदांनीं आंखलेली ती इमारत आजहि डौलदार दिसते. परंतु येथें विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट तिच्या मालकीची. हें क्रीडांगण सरकारचें नव्हे, नगरपालिकेचें नव्हे, क्रिकेटच्या प्रांतिक संघटनेचेंहि नव्हे. तें एका क्लबाचें आहे. संस्थानिकांचा व धनिकांचा आश्रय, सभासदांचें प्रवेशमूल्य आणि वर्गणी हा त्याचा आधार. ज्यानें सभासद व्हावें त्यानें केवळ देणगी दिली असें नाहीं; त्यानें एक जागा विकत घेतली. क्लबाच्या वास्तूंतील बैठक, भोजनगृह, तरणतलाव, आणि सामन्याच्या दिवशीं प्रेक्षागारांतील हक्काचें आसन हा सारा त्या मूल्याचा मोबदला.

ही युक्ति नामी खरी. कर न बसवितां, सरकारी तिजोरीस हात न लावतां क्रीडांगण उभें राहतें आणि रोजच्या वापरानें त्याचा रोजचा खर्च निघतो. पण तिच्या पोटीं एक कलह जन्मास येतो. खुर्च्या मोजक्या असतात. ज्या एकदां कायमच्या दिल्या गेल्या त्या दुसऱ्यांदा विकतां येत नाहींत. याचा प्रत्यय पहिल्याच वर्षीं आला. पंचरंगी सामने जिमखान्याच्या मैदानावरून नव्या क्रीडांगणांत आले, आणि जागांच्या वांटणीवरून वाद होऊन हिंदूंच्या संघानें १९३७ च्या स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. खेळ कसा खेळावा याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार बसावें कोणीं याबद्दल होती. पुढें समेट झाला. विजय हजारे यांनीं संघाच्या ३८७ धावांपैकीं एकट्यानें ३०९ धावा काढल्या, तो अलौकिक खेळहि याच मैदानावर १९४३ सालच्या पंचरंगी स्पर्धेंत झाला. पण ज्या वादाचें बीज पहिल्या वर्षीं पडलें, तें मेलें नव्हतें.

१९४८ च्या डिसेंबरांत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला. तेव्हांपासून १९७३ च्या फेब्रुवारींतील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यापर्यंत तेथें १७ कसोट्या खेळल्या गेल्या. प्रत्येकीचे पांच दिवस धरले तरी पंचवीस हंगामांत मिळून हे ८५ दिवस होतात, म्हणजे वर्षांतून सरासरी साडेतीन दिवस. एवढ्या दिवसांच्या तिकिटांवर त्या आकाराची वास्तु कोणासहि पोसतां आली नसती. ती पोसली क्लबानें, आणि म्हणूनच त्या साडेतीन दिवसांवर आपला हक्क पहिला, असें क्लबास वाटणें स्वाभाविक होतें. उलट सामने भरविणारी मुंबई क्रिकेट असोसिएशन. शहरांतील क्लब, शाळा, मैदानी संघ हे तिचे घटक. त्यांतूनच खेळाडू तयार होणार. मग त्यांना आपल्याच शहरांतील सामन्याचीं तिकिटें पुरेशीं कां मिळूं नयेत? दोघांचेंहि म्हणणें न्याय्य होतें. दोन्ही पक्ष न्यायाचे असले म्हणजे तडजोड फार अवघड होते.

ती झाली नाहीं. असोसिएशनचे अध्यक्ष शे. कृ. वानखेडे हे त्या वेळीं महाराष्ट्र विधानसभेचेहि सभापति होते, आणि क्लबाच्या अध्यक्षपदीं विजय मर्चंट होते. दोघेहि माघार घेणारे नव्हेत. असोसिएशननें जवळच आपलें स्वतंत्र क्रीडांगण बांधावयास घेतलें, आणि सुमारे तेरा महिन्यांत तें उभेंहि केलें. १९७५ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइड यांनीं नाबाद २४२ धावा काढल्या. त्यांचें द्विशतक पुरें होतांच अभिनंदन करावयास धांवलेल्या एका तरुणास पोलिसांनीं चोप दिला, प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबवावा लागला. अशा रीतीनें ज्या शहरांत जमिनीचा वार न वार सोन्याच्या मोलाचा, तेथें क्रिकेटचीं दोन प्रचंड प्रेक्षागारें हांकेच्या अंतरावर उभीं राहिलीं. कमतरता मैदानाची नव्हती, खुर्च्यांची होती. दुसरें क्रीडांगण हें खऱ्या अर्थानें तिकिटांच्या भांडणाचें स्मारक आहे.

आतां सांभाळण्याची गोष्ट. समुद्रकांठच्या इमारतीस सर्वांत मोठा शत्रु म्हणजे खारा वारा. काँक्रीट वरून दगडासारखें दिसलें तरी त्यांत सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून ओलाव्याबरोबर क्षार आंत शिरतात व पोटांतील लोखंडी गजांपर्यंत पोंचतात. गज गंजले म्हणजे त्यांच्यावरील गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो; तो फुगतो आणि काँक्रीटास आंतून फोडतो. प्रथम केसासारखी भेग, मग पोपडा, मग उघडा गज. भेग दिसली त्याच वर्षीं दुरुस्ती केली तर ती थोडक्यांत भागते. दहा वर्षें टाळली तर सबंध तुळई बदलावी लागते. परंतु भेगेची दुरुस्ती छायाचित्रांत येत नाहीं, म्हणून ती लांबणीवर पडते. गवताचें तसेंच. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसांत मैदानाखालील निचऱ्याचे मार्ग गाळानें बुजतात, पाणी तुंबतें, मुळें कुजतात. पावसाळा सरला कीं नवी माती, नवें बी, रोलर आणि पुन्हां पाणी. सामना असो वा नसो, हा क्रम चुकत नाहीं.

या कसोटीवर दोन्ही क्रीडांगणें तपासून पाहिलीं म्हणजे एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. कसोट्या वानखेडेवर गेल्या आणि ब्रेबोर्नवर पुढील कसोटी सामना झाला तो थेट १९०० च्या शतकानंतर, २००९ च्या डिसेंबरांत. मध्यें ३६ वर्षें लोटलीं. एकाद्या सार्वजनिक क्रीडांगणाची इतक्या वर्षांत धर्मशाळा झाली असती. ब्रेबोर्न मात्र तयार होतें, कारण तें कसोट्यांवर जगत नव्हतेंच. रोज संध्याकाळीं तेथें येणाऱ्या सभासदावर तें जगत होतें. वीरेंद्र सेहवाग यांनीं श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा काढल्या त्या याच ताज्या ठेवलेल्या हिरवळीवर. त्यानंतरहि मोठ्या घरीं गर्दी झाली कीं शेजारीं पाहुणे पाठवावे तसे सामने तेथें आले. २०१३ चा महिलांच्या जागतिक चषकाचा अंतिम सामना तेथेंच झाला, कारण त्या हंगामांत वानखेडेस रणजी स्पर्धेचा अंतिम सामना भरावयाचा होता. महिलांच्या जागतिक स्पर्धेस शेजारघरीं जावें लागावें, यावरूनहि मैदानांचे मालक कोणाची वर्णी आधीं लावतात हें दिसतें.

वानखेडेचा मार्ग निराळा. तें असोसिएशनचें, म्हणजे घटक क्लबांचें. पुरुषांच्या २०११ च्या जागतिक चषकासाठीं त्याची बहुतेक पुनर्रचना करण्यांत आली. नव्या खुर्च्या व नवें छप्पर आलें, बसावयास ऐसपैस झालें, आणि त्याबरोबर आसनांची संख्या पूर्वीच्या सुमारें ४५,००० वरून ३३,००० च्या आसपास आली. मग २ एप्रिल २०११ चा अंतिम सामना. त्या ३३,००० आसनांपैकीं सर्वसाधारण जनतेस विक्रीसाठीं निघालीं तीं सुमारें ४,००० च. उरलेल्यांतील बहुतेक घटक क्लबांच्या व आंतरराष्ट्रीय मंडळाच्या वांट्यास गेलीं. श्रोत्यांपैकीं अनेकांना तिकिटांसाठीं उसळलेली ती झुंबड अद्याप आठवत असेल. १९३७ सालीं ज्या प्रश्नावरून एक संघ घरीं बसला व सत्तरच्या दशकांत दुसरें क्रीडांगण बांधावें लागलें, तोच प्रश्न नव्या खुर्च्यांवर पुन्हां येऊन बसला. केवळ दाराशीं अडविणारा बदलला.

असोसिएशनला सर्वस्वीं दोष देणें मात्र उचित नाहीं. घटक क्लबांना खुर्च्या मिळतात त्या फुकटच्या चैनीखातर, असें नाहीं. निदान मूळ कल्पना तशी नव्हती. शहराच्या मैदानांवर जाळीं लावणारे, खेळपट्टी राखणारे, शाळकरी पोरांना बॅट धरावयास शिकविणारे ते हे क्लब. त्यांच्या श्रमाचें मोल रोख देण्याऐवजीं आसनांच्या रूपानें चुकतें केलें जातें. अडचण एवढीच, कीं रोख रकमेचा हिशेब वहींत दिसतो, आसनाचा दिसत नाहीं. कोणत्या क्लबानें किती मुलें तयार केलीं व त्यास किती तिकिटें मिळालीं, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापले तर निम्मा वाद आपोआप मिटेल. सामन्यापूर्वी प्रवेशद्वारावर एक फलक लावण्यास फारसा खर्च येत नाहीं.

आणि या दोन्ही भव्य वास्तूंना जो खेळाडू मिळतो, तो येतो कोठून? १९८८ सालीं शाळकरी तेंडुलकर आणि कांबळी यांनीं हॅरिस शील्डमध्यें ६६४ धावांची अभंग भागीदारी केली ती आझाद मैदानावर, जेथें एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाशेजारीं उभा असतो. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यांत खेळली जाते, ती अशाच उघड्या मैदानांवर. दादरचें शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचें. नगरपालिकेनें तें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. त्यास प्रेक्षागार नाहीं, तिकीट नाहीं, सभासदत्व नाहीं. बसावयास भोंवतालचा कट्टा आहे, आणि कोणीहि त्यावर बसावें. तेथें खुर्चीवरून भांडण होण्याचा संभवच नाहीं. पण खर्च तेथेंहि चुकलेला नाहीं. मैदानावर तांबडी माती पसरली, ती उन्हाळ्यांत वाऱ्याबरोबर उडून भोंवतालच्या घरांत शिरूं लागली, आणि गेल्या कांहीं वर्षांत रहिवाशांनीं तिच्याविरुद्ध तक्रारींचा धोशा लावला. माती काढून टाकावी, तिच्यावर पाणी शिंपडावें, कीं गवत लावावें, आणि लावलें तर रोज शेंकडों पोरें त्यावर खेळत असतां तें राखावें कोणीं, याची चर्चा कट्ट्यावर संध्याकाळीं बसणारे लोक हिरिरीनें करीत असतात.