लिटरली म्हणजे किती खरं?

आजचा शब्द आहे ‘लिटरली’.

माझी मुलगी पुण्याला शिकते. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, “बाबा, मी लिटरली मरतेय इथे.” मी फोन लावतोय, ती उचलत नाही. रात्रीची ट्रॅव्हल्स धरली अन् वाशीमहून थेट तिच्या होस्टेलवर. बाईसाहेब झोपलेल्या! दुसऱ्या दिवशी पेपर होता, एवढंच.

आता शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लिटरली म्हणजे अक्षराला धरून, जसं लिहिलंय तसं. आपला ‘अक्षरशः’ही असाच बनलेला आहे.

त्याचा नेमका उपयोग कुठे? एक, भाषांतरात. म्हण लिटरली भाषांतरित केली, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला. दोन, बोलणं अतिशयोक्ती वाटेल पण ते खरं असेल तेव्हा. उदाहरणार्थ, “आमचं वाशीम एकेकाळी लिटरली राजधानी होतं.” ऐकणारा हसेल. पण वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे ‘लिटरली’ सांगतो की ही थट्टा नाही.

तिसरा वापर नुसत्या जोरासाठी, म्हणजे आपण वऱ्हाडात ‘लय’ किंवा ‘भल्लं’ म्हणतो तसा. तो आजच्या पोरांनी काढलेला नाही बरं का. डिकन्सच्या ‘निकोलस निकल्बी’ या 1838-39च्या कादंबरीतही तो सापडतो. आणि आपण तरी काय करतो? मे महिन्यात “अक्षरशः आगीतून चालत आलो” म्हणतोच की! त्यामुळे तो चूक आहे, असं मी म्हणणार नाही. गप्पांमध्ये खुशाल वापरा. परीक्षेच्या उत्तरात, अर्जात, बातमीत मात्र एकदा तपासा: त्याच्या जागी ‘खरोखर’ घातलं, तर वाक्य खरं राहतं का? नसेल राहत, तर काढून टाका.

आता राहिलेली गोष्ट. त्या फेरीनंतर दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला. “बाबा, बरं वाटत नाहीये.” बस, एवढंच. मी म्हटलं, “गोळी घे अन् झोप वं.” तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीनं कळवलं, डेंग्यू आहे, ॲडमिट केलंय.

ती आता ठणठणीत आहे. पण मला ते वाक्य अजून टोचतं. पेपरच्या भीतीला ‘लिटरली मरतेय’ म्हणून झाल्यावर खऱ्या दुखण्यासाठी तिच्याकडे साधंच वाक्य उरलं होतं. आणि माझा कान ‘लिटरली’ची वाट बघत बसला. तिचा आवाज किती खोल गेला होता, ते मी ऐकलंच नाही.

आता फोनवर ती काहीही म्हणो, मी आधी विचारतो, “जेवलीस का? ताप आहे का?” उत्तर मिळालं, की मग शब्दांचा हिशेब.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.