तळ्यात गाळ, ठिबकात गाळ

(कोरडवाहू भागातून लोणावळ्याला आलेल्या शेतकऱ्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तुम्ही ज्वारी-कापसाच्या मुलखातून आलात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे ऐकून तुम्हाला हेवा वाटला असेल. पण हे सगळे पाणी मावळच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते असे समजू नका. वळवण, शिरोटा, लोणावळा या तलावांचे पाणी १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या वीजघरासाठी घाट उतरून खोपोलीला जाते. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात ३ शेतकरी मेले.

म्हणून इथलाही शेतकरी आपले पाणी आपण साठवायला लागला. तळेगावकडे गुलाबाची हरितगृहे आहेत. छपरावरचे पाणी पन्हळीने तळ्यात घ्यायचे आणि ठिबकने द्यायचे, अशी तिथली रीत. छपराचे पाणी म्हणजे मातीचा स्पर्श न झालेले. तरी गाळणी लावल्याशिवाय तिथे कोणी ठिबक चालू करत नाही. आणि आपण काय करतो? रानातून धावत आलेले चहासारखे पाणी थेट तळ्यात सोडतो, आणि ऐन बोंडे भरायच्या वेळी तोट्या बंद पडल्या की ठिबकवाल्याला शिव्या घालतो.

जरा हिशेब करू. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यातले मोठे तळे ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर तळाशी २४ बाय २४ मीटर जागा उरते. त्या तळावर एक वीतभर गाळ बसला, तर सुमारे १ लाख ३० हजार लिटर पाण्याची जागा गेली. एवढ्या पाण्यात एका एकराला सव्वा इंचाची पाळी होते. हस्ताचा पाऊस हुकल्यावर ज्वारीला त्या एका पाळीची किंमत काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता गाळणी. पहिली गाळणी शेतातच असते. उताराला आडवी पेरणी आणि बांधावर गवत. हे नसेल तर पुढचे सगळे अपुरे पडेल.

दुसरी तळ्याच्या तोंडाशी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या, मध्ये दगडांची सैल आडभिंत घाला. पाणी एका बाजूने येईल, थबकेल, आणि भिंतीवरून तळ्यात उतरेल. पाण्याचा वेग मोडला की वाळू खाली बसते. बारीक वाळू मीटरभर पाण्यातून दोन-एक मिनिटांत तळाला जाते. काळ्या रानाची चिकणमाती मात्र तेवढ्याच अंतराला तीन दिवस घेते. ती या कुंडात बसणार नाही, आणि बसेल असे जो सांगतो त्याने काळे रान पाहिलेले नाही. घरी काचेच्या बाटलीत तळ्याचे पाणी भरून ठेवा. रात्रभरात तळाशी काय बसले आणि वर काय तरंगत राहिले ते पाहा, म्हणजे तुमच्या मातीला काय लागेल ते कळेल.

ही चिकणमाती तळ्यातच बसू द्यायची, आणि पाणी वरून उचलायचे. फुटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका. दोन रिकामे कॅन बांधून तो पाण्याच्या पातळीखाली हात-दीड हात तरंगत ठेवा. तळचा गाळ येत नाही आणि वरचे शेवाळही कमी येते.

तिसरी गाळणी पिंपाची. २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप घ्या. रसायनाचे नको. तळाशी छिद्रे पाडलेला पाइप, त्यावर नायलॉनच्या मच्छरदाणीचे दोन वेढे. वर थोडे मोठे दगड, मग थोडी बारीक खडी, मग दीड-दोन वीत जाड वाळू. वाळू बादलीत धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत. हे काम कंटाळवाणे आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पाणी वरून सोडायचे ते एका चपट्या दगडावर, नाहीतर धार वाळूला खड्डा पाडते. बाहेर जाणारा पाइप वाळूच्या वरपर्यंत उचलून मग खाली वळवा, म्हणजे वाळू सतत पाण्याखाली राहते.

पिंपातून तासाला हजार-दीड हजार लिटर पाणी धरा. ताशी ४ लिटरच्या अडीचशे तोट्यांना एक पिंप पुरते. जास्त रान असेल तर शेजारी दुसरे, तिसरे. पंपाचा दाब पिंपाला देऊ नका, ते फुटेल. पिंप उंचावर ठेवा, वरून उघडे, पाणी आपल्या वजनाने उतरू द्या. शेवटी १२० मेशची जाळीची गाळणी विकत घ्या. ती घरी करायच्या भानगडीत पडू नका.

वरचे पाणी पिंपात साचू लागले की वाळू तुंबली समजा. मग खालून उलटे पाणी सोडा, वाळू उकळल्यासारखी हलू द्या, आणि काठाजवळच्या नळीने गढूळ पाणी बाहेर काढा. ते तळ्यात परत सोडू नका. आठवड्यातून एकदा लॅटरलच्या शेवटच्या गाठी सोडून पाणी वाहू द्या, कारण चिकणमाती वाळूतूनही थोडी निसटते. कुंडातला गाळ पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर उपसावा लागतो. उपसलेला कुंडाच्या वरच्या काठावर टाकलात तर पुढच्या पावसात तोच परत खाली येईल. बैलगाडीत भरा आणि वरच्या तुकड्यात, जिथून तो वाहून आला, तिथे पसरा.