वजनकाट्याचा आयपी पत्ता

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांतून आणि मार्केट यार्डांतून एकच प्रश्न येतो. ‘काल काटा चालू होता, आज संगणकावर वजन येत नाही. काटा बिघडला का?’

आधी काट्याच्या इंडिकेटरकडे बघा. तिथं आकडा दिसतोय ना? मग काटा ठीक आहे. मेकॅनिकला बोलावू नका आणि वैधमापन खात्याचं सील तर अजिबात तोडू नका. सील तुटलं की काट्याची फेरपडताळणी आली, आणि ऐन हंगामात गेट बंद.

मग अडतं कुठे? इंडिकेटरच्या मागून सिरियल केबल निघते. आरएस-२३२ प्रकारची ही केबल साधारण पंधरा मीटरपर्यंतच भरवशाची. काटा गेटवर आणि ऑफिस लांब, म्हणून मध्ये एक छोटी पेटी बसवतात. तिला सिरियल डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. मोक्सा, लँट्रॉनिक्स अशा कंपन्यांच्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. एका बाजूनं ती काट्याचा आकडा घेते, दुसऱ्या बाजूनं लॅनवर देते. संगणकातलं सॉफ्टवेअर तिला एका ठरावीक आयपी पत्त्यावर शोधतं. पेटीनं तो पत्ता राउटरकडून आपोआप, म्हणजे डीएचसीपीनं घेतला असेल, तर वीज जाऊन आल्यावर राउटर तिला दुसरा पत्ता देऊ शकतो. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. म्हणून या पेटीला कायमचा, म्हणजे स्टॅटिक पत्ता द्यायचा.

नवी पेटी सापडतच नाही, अशी तक्रार असते. मोक्साच्या एनपोर्ट पेटीचा कारखान्यातून येणारा पत्ता १९२.१६८.१२७.२५४ असतो. तुमच्या ऑफिसातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर लॅपटॉपला तेवढ्यापुरता १९२.१६८.१२७.१० पत्ता द्या. मग ब्राउझरमध्ये पेटीचं पान उघडेल. चांगली पेटी बंद पडली म्हणून परत पाठवू नका.

आता माझं मुख्य सांगणं. पत्ता निवडताना राउटर जे पत्ते वाटतो, त्यांतला घेऊ नका. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिलेला असतो. समजा तो शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत असेल, तर तुम्ही २०० च्या पुढचा घ्या. ‘मी १५० ला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, उत्तर आलं नाही, म्हणजे तो रिकामा आहे’ असं मला सारखं ऐकवलं जातं. अहो, तो संगणक त्या वेळी बंद असेल! किंवा त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल. पिंगला उत्तर आलं तर पत्ता वापरात आहे हे नक्की. उत्तर आलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आणि एकच पत्ता दोघांकडे गेला की काय होतं? सरळ बंद पडलं असतं तर बरं. तसं होत नाही. कधी पेटी उत्तर देते, कधी कुणाचा तरी मोबाइल. सकाळी वजन येतं, दुपारी येत नाही. माणसं केबल बदलतात, पेटी बदलतात, एकमेकांवर चिडतात. इकडे गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचं वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून पुन्हा सांगतो, राउटरच्या वाटपातला पत्ता घेऊ नका. इंटरनेटवाला नवा राउटर बसवून गेला, तर त्याच दिवशी ते पान पुन्हा तपासा. नव्या राउटरचं वाटप वेगळं असतं, कधी ते थेट २ पासून सुरू होतं.

बाकीचं थोडक्यात. पत्त्याचा शेवटचा आकडा ० किंवा २५५ नको. १ बहुधा राउटरचाच असतो. साध्या ऑफिसात सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० चालतो. बॉड रेट, म्हणजे केबलवरून आकडा पाठवण्याचा वेग, इंडिकेटरवर आहे तोच पेटीत ठेवा. बदल सेव्ह करून पेटी रीस्टार्ट करा. पासवर्ड बदला आणि ही पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका.

एक विनंती आहे. दिलेला पत्ता पेटीवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहा आणि काटाघरातल्या वहीतही नोंदवा. रात्रपाळीच्या काटा कारकुनाला तो दाखवून ठेवा.