मंग, पुढं काय झालं?

हा एपिसोड तुम्ही एसटीत ऐकत असाल, शेतात मोटार चालू करून बांधावर बसला असाल, नाहीतर अभ्यासिकेतून बाहेर येऊन चहा पीत असाल. मध्ये दोन-चार नोटिफिकेशन येतील. येऊ द्या. आजचा विषयच तो आहे, आपलं लक्ष. पण 'मोबाईल वाईट, बंद करा' असलं भाषण मी देणार नाही. ते तुम्ही घरी रोज ऐकता. आणि मलाही तुम्ही मोबाईलवरच ऐकताय.

लक्ष विचलित होतं म्हणजे काय, असं कुणाला विचारलं तर तो सांगेल, "पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत हात फोनकडे जातो." बरोबर आहे. अमेरिकेत ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक आहेत. २००४ च्या सुमारास त्यांनी ऑफिसात काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन मोजमाप केलं. एका स्क्रीनवर माणूस सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या वर्षांत हाच आकडा ४७ सेकंदांवर आलाय. हे झालं सेकंदांचं लक्ष. यावर बोलणारे भरपूर आहेत.

मला दुसऱ्या लक्षाबद्दल बोलायचंय. ते सेकंदात मोजता येत नाही, आठवड्यांत आणि महिन्यांत मोजावं लागतं. एखादा प्रश्न पडल्यापासून त्याचं उत्तर येईपर्यंत तो डोक्यात जिवंत ठेवणं, हे ते लक्ष. ते तुटलं की आवाजसुद्धा होत नाही. म्हणून ते गेलंय हे आपल्याला कळतही नाही.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं अचानक देशभर पोचली. लोकांचे केस गळत होते. साधे गळत नव्हते, हात फिरवला की पुंजके हातात येत होते आणि काही दिवसांत टक्कल. 'टक्कल व्हायरस' हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ते जोरात चाललं. रील्स आल्या, मीम्स आले. मला पुण्या-मुंबईतून मित्रांचे फोन, "काय रे, तुझे आहेत ना जाग्यावर?" हसणं-खिदळणं झालं. मग शाम्पूवर संशय आला. मग पाण्यावर आला, कारण हा भाग खारपाणपट्ट्यातला, पाणी आधीच बदनाम. मग बुरशीचा संसर्ग म्हणाले. आयसीएमआरचं पथकही गावात येऊन नमुने घेऊन गेलं.

आता मी विचारतो, मंग पुढं काय झालं?

मनातल्या मनात उत्तर द्या. मी माझ्या ओळखीच्या दहा-बारा पोरांना विचारलं. बातमी सगळ्यांना माहीत होती. उत्तर दोघांना माहीत होतं. आणि ही पोरं बुलढाणा जिल्ह्यातलीच बरं का.

पुढं झालं ते असं. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत असलेले, पद्मश्री मिळालेले, त्यांनी स्वतः या गावांत येऊन अभ्यास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. रेशनवर आलेल्या, बाहेरच्या राज्यातल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण खूप जास्त होतं, इथल्या गव्हापेक्षा कितीतरी पट जास्त. त्यांच्या अभ्यासात १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद होती. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. जास्त झालं की ते विषासारखं वागतं आणि त्याचा मार बसतो केसांवर आणि नखांवर.

नखांवर, हा शब्द लक्षात ठेवा. कारण एप्रिलमध्ये त्याच भागातून नवी बातमी आली. आता लोकांची नखं खराब होऊन गळतायत. पुन्हा रील्स, पुन्हा 'गूढ आजार', पुन्हा भीतीदायक म्युझिक. पण ज्याने फेब्रुवारीतली बातमी वाचली होती, त्याला दुसरी बातमी पहिलीच्याच पुढच्या पानासारखी दिसली. बाकीच्यांना ते दोन वेगवेगळे चमत्कार वाटले. फोन तोच, इंटरनेट तेच. फरक एवढाच की एकाने प्रश्न सोडला नव्हता.

आणि यात नुकसान कुणाचं झालं? बाधितांमध्ये कॉलेजची मुलं-मुली बरीच होती. टोमणे नकोत म्हणून कित्येकांनी डोकं भादरून घेतलं. शिक्षणावर परिणाम झाला, ठरलेल्या लग्नांत अडचणी आल्या. त्यांच्यासाठी 'हा व्हायरस आहे' आणि 'हा धान्यातून आलेला त्रास आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. व्हायरस म्हटलं की लोक लांब बसतात. धान्य म्हटलं की प्रश्न दुकानाला, गोदामाला, सरकारला विचारता येतो. पहिलं वाक्य घरोघर गेलं. दुसरं जेवढं जायला पाहिजे होतं तेवढं गेलं नाही, कारण ते येईपर्यंत आपण सगळे पुढच्या रीलवर होतो.

असं का होतं? पोरं बिघडली म्हणून नाही होत. हर्बर्ट सायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं की माहिती खाते ती ऐकणाऱ्याचं लक्ष. जिथे माहिती उदंड, तिथे लक्षाचा दुष्काळ पडणारच. तेव्हा स्मार्टफोन नव्हता, इंटरनेटही नव्हतं आजच्यासारखं. पुढे २००६ मध्ये एझा रस्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग बनवलं. आधी पान संपायचं. पान संपलं की माणूस क्षणभर थांबायचा, विचार करायचा, पुढे जायचं का नाही. तो थांबाच काढून टाकला. नंतर त्याने स्वतःच यावर खंत बोलून दाखवली.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. फीडमध्ये वर काय येतं? जे नवं आहे आणि ज्याने आपण दचकतो ते. प्रश्न नेहमी नवा आणि दचकवणारा असतो. उत्तर बिचारं उशिरा येतं, कोरडं असतं, त्यात 'प्रमाण' आणि 'नमुने' असले शब्द असतात. त्याला म्युझिक लावता येत नाही. म्हणजे फीड आपल्याला प्रश्न पोचवायला पटाईत आहे, उत्तराच्या बाबतीत मात्र त्याचे पाय अडखळतात. उत्तर आपल्यालाच जाऊन आणावं लागतं.

आपलं लोणार घ्या. जून २०२०, लॉकडाऊन चालू, आणि सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर गेले. नासाने उपग्रहाची चित्रं टाकली, २५ मेची आणि १० जूनची, शेजारी शेजारी. तुमच्याही स्टेटसला तो फोटो असेल. पण गुलाबी का झालं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यात सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, तसे ते वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. पावसाचं पाणी आलं, ते जीव तळाशी बसले आणि रंग गेला. किती सुंदर उत्तर आहे बघा, फोटोपेक्षा सुंदर. पण फोटो ज्यांनी पाहिला त्यातल्या किती जणांपर्यंत ते गेलं?

लोणारचा मोठा प्रश्न तर याहून जुना. हा पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला कसा? १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. बेसाल्ट खडक आजूबाजूला, म्हणून कित्येक वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं काम समजायचे. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला आणि तिथल्या खडकातल्या खुणांवरून नक्की झालं की हे अशनीच्या आघाताचं विवर आहे. १८२३ ते १९७३, मोजा. दीडशे वर्षं. वयाचं गणित तर त्यानंतरही बदललं. आधी साधारण ५२ हजार वर्षं सांगायचे, पुढे दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. एक माणूस प्रश्न सोडून गेला तर दुसऱ्याने उचलला. लक्ष म्हणजे हेसुद्धा असतं.

तिसरं उदाहरण देतो, आणि कुणी रागवू नका. भेंडवळची घटमांडणी. जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जाग्यावर राहिलं यावरून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. त्या दिवशी आपल्या प्रत्येक ग्रुपवर ते भाकीत येतं. तुमचा विश्वास असो नसो, माझं म्हणणं वेगळं आहे. त्या दिवसाचा मेसेज सेव्ह करून ठेवा आणि दिवाळीत काढा. कपाशी, सोयाबीन, तूर, पाऊस, एकेक ओळ ताडून बघा. हवामान खात्याचा अंदाजही तसाच जपून ठेवा आणि तोही ताडा. विश्वास ठेवायचा तर तपासून ठेवा, नाकारायचं तर तपासून नाकारा. दोन्हीला एकच गोष्ट लागते, दिवाळीपर्यंत आठवण.

काही गावांनी सेकंदांच्या लक्षावर उपाय शोधलाय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला, पोरं अभ्यासाला, मोठेही पुस्तक घेऊन. साडेआठला पुन्हा भोंगा. मला त्यातलं हे आवडतं की एकट्याच्या निश्चयावर सोडलं नाही, सगळ्या गावाने मिळून केलं. एकट्याने फोन ठेवला की वाटतं आपलंच काहीतरी सुटतंय. सगळ्यांनी ठेवला की काही सुटत नाही.

पण महिन्यांच्या लक्षाला भोंगा पुरत नाही. त्यासाठी मी काय करतो ते सांगतो. पटलं तर घ्या.

फोनमध्येच एक नोट ठेवलीय. तिचं नाव 'मंग?'. एखादी बातमी खरंच मनाला लागली की तिथे एक ओळ लिहितो आणि खाली तारीख, एक महिना पुढची. त्या तारखेला कॅलेंडर टुंग करतं. मग मी गावाचं नाव, विषय आणि 'कारण' किंवा 'अहवाल' एवढे शब्द टाकून शोधतो. दहा मिनिटं लागतात. महिन्याला तीनच ओळी, जास्त नाही. सगळ्या जगाचा पाठपुरावा करायला गेलो तर तोही एक नवीन पूरच होईल.

दुसरं, फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारतो, हा प्रश्न आहे का उत्तर? प्रश्न असेल तर थांबतो. आणि उत्तर सापडलं की ज्या ग्रुपवर प्रश्न आला होता त्याच ग्रुपवर टाकतो. लोक म्हणतात, "हे जुनं झालं बे." होऊ दे. ज्या पोरीने डोकं भादरलं तिच्यासाठी ते जुनं झालेलं नाही.

आपल्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की ती विचारते, "झोपला का रे?" आणि जागं असलेलं पोरगं म्हणतं, "नाही, मंग पुढं काय झालं?" गोष्ट पुढे सरकते ती या प्रश्नावर. आज बातम्या सांगणारे हजार आहेत आणि हुंकार देणारं कुणी नाही. मग सांगणाऱ्यालाही गोष्ट पुरी करायची गरज वाटत नाही.

तर या आठवड्याचं काम. मागच्या वर्षभरातली आपल्या तालुक्यातली एक बातमी निवडा. पूल खचला असेल, भरती रखडली असेल, अनुदान अडकलं असेल, विहिरीचं पाणी तपासायला नेलं असेल. फक्त एकच. तिचं पुढे काय झालं ते शोधा, लागलं तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात आपण सगळे मिळून ऐकू.

भेटू. काळजी घ्या.