फोटो पुसू नका

(परभणीत तरुण मित्रांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती नंतर. आधी कॅमेऱ्यावर बोलतो. हसू नका. मी दहावी पास माणूस, मुंबईच्या गोदीत टोळीत काम करतो. गोदीत परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी. तिथं रोज आमच्या पाठीवरनं काय काय जातं, त्याचा एक फोटो माझ्यापाशी नाही. मग कॅमेऱ्यावर बोलायचा माझा अधिकार काय? एवढाच, की मी एक स्वस्तातला कॅमेरा वापरला आणि त्यात एक मोठी चूक माझ्या हातनं झाली. ती तुमच्या हातनं होऊ नये म्हणून उभा राहिलोय.

आमच्या घरात १९७८ सालचा एकही फोटो नाही. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. त्यात माझ्या आजीचं घर गेलं. कूड कसा पडला, शेळी कशी ओरडली, ती मरेपर्यंत सांगायची. गावातले शहाणे म्हणायचे, म्हातारी वाढवून सांगती. पण तेव्हा वस्तीत कॅमेरा कुणाकडं होता? फोटोवाला तालुक्याला. पडदा त्याचा, खुर्ची त्याची, भाव त्याचा. आपला फोटो निघायचा लग्नात, नाहीतर मेल्यावर.

गंमत बघा. १९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली. १९७५ ला तिकडं अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरण्या इंजिनियरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. ठिपके सगळे मिळून दहा हजार. म्हणजे १९७८ ला आजीचं घर जळत होतं तेव्हा हे यंत्र जगात होतं, पण आपल्या हातात यायला अजून पस्तीस-चाळीस वर्षं लागायची होती.

आमच्या घरात ते आलं २०१५ ला. थोरल्या भावानं चोरबाजारातनं ९०० रुपयांना आणलं. चंदेरी, साबणाच्या वडीएवढं, सात मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. मी तेव्हा नुकताच दहावी झालो होतो. कॅमेऱ्याबरोबर पुस्तक नव्हतं. असतं तरी इंग्रजीत असतं. त्यामुळं एकेक गोष्ट ठेचा खाऊन कळली.

दुकानातले साधे स्वस्त सेल घातले की चार-पाच फोटोत कॅमेरा डोळे मिटायचा. वाटायचं, चोरबाजारचा माल, फसलो. खरं कारण असं की कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, साध्या सेलला तो झेपत नाही. चार्जिंगचे सेल आणले आणि तोच कॅमेरा दिवसभर चालायला लागला. दुसरं, बटण दाबलं आणि फोटो निघाला, यात अर्धा-एक सेकंद जायचा. तेवढ्यात पोरगं पळालेलं, बैलानं मान फिरवलेली. मग कळलं, बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेऱ्याला नजर धरू द्यायची, मग पूर्ण दाबायचं. तिसरं, झूम. भिंगाचा झूम संपला की डिजिटल झूम सुरू होतो. तो काय जवळ नेत नाही, आहे तोच फोटो कापून ताणतो. चौथं, मेगापिक्सेल. दुकानदार आकडा सांगून लुटतो. पोस्टकार्डाएवढा चांगला फोटो छापायला दोन मेगापिक्सेल पुरतात. आकडा मोठा आणि आत प्रकाश धरणारी चकती नखाएवढी, तर अंधारात नुसती वाळू दिसते.

आणि पाचवं. सेल जास्त दिवस बाहेर राहिले की कॅमेऱ्याचं घड्याळ मागं जातं. कॅमेरा चालू करताना तारीख विचारतो, आपण घाईत पुढं ढकलतो. हे पाचवं आम्हाला महागात पडलं.

गावात आमचं गायरान आहे, चार एकर. आज्यानं दगड वेचून केलेलं. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून भूमिहीन दलित कसत असेल तर ते नावावर करून द्यायचं, असा १९९१ चा शासन निर्णय आहे. कागदावर आहे. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद पाहिजे, पीक पाहिजे, पुरावा पाहिजे. आमचं पुराव्याच्या पाठीमागं पळणं तीन पिढ्या चाललंय.

२०१६ ला पाऊस बरा झाला. तूर फुलावर होती. एका रात्री गावातल्या बड्यांनी ट्रॅक्टर घातला आणि सगळं रान लोळवलं. सकाळी माय धुऱ्यावर बसून होती. बाप काय बोलला नाही. म्हणला, "तुझी ती पेटी आण." मी अठ्ठावीस फोटो काढले. टायरचे वण, मोडलेली तूर, आणि बाप मधोमध उभा. गंगाखेडला जाऊन एक फोटो छापून आणला. कोपऱ्यात पिवळ्या अक्षरात तारीख आली, १ जानेवारी २००८.

तालुक्याच्या कचेरीत साहेबानं फोटो हातात घेतला, तारीख वाचली आणि शेजारच्या बाबूला दाखवली. दोघं हसले. साहेब म्हणला, "आठ वर्षांपूर्वीचं पीक आज मोडलं व्हय रे?" बाप म्हणला, "साहेब, तारीख चुकली, पीक खरंय." साहेब म्हणला, "कॅमेरा खोटं बोलत नसतो." बापानं फोटो टोपीत ठेवला आणि आम्ही एस.टी. धरली.

आता माझी चूक. मी चिडलो. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं, कार्डात जागा नव्हती. म्हणलं, कशाला ठेवायचे ते फोटो, कचेरीत चालत नाहीत. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुसले. कार्डावर वरात उतरवली. वर्षभरानं कॅमेराही ३०० रुपयांना भंगारात दिला आणि ते पैसे घेऊन गोदीत आलो.

२०१९ ला बाप गेला. तसबीर करायची म्हणून मायनं पेटीतनं तोच छापील फोटो काढला. दुपारचं ऊन, मागं पांढरं आभाळ, आणि बापाचा चेहरा नुसता काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. स्टुडिओवाला म्हणला, मूळ फाइल असती तर चेहरा थोडा उजळून काढला असता, छापलेल्यातनं काय निघणार? शेवटी आधार कार्डावरच्या फोटोची तसबीर केली. त्यात बाप पकडून आणलेल्या चोरासारखा दिसतो. आयुष्यभर राबलेल्या माणसाचा धड फोटो एकच, तोही सरकारनं आपल्या कामासाठी काढलेला.

चेहरा काळा का आला, हे मी नंतर शोधलं. स्वस्त कॅमेरा सगळं चित्र मिळून मध्यम करड्या रंगाचं धरतो. मागं आभाळ पांढरं फटक असलं की तो सगळंच काळवंडून टाकतो. त्यात कातडी सावळी असली तर माणूस बुडालाच. हे नुसतं यंत्राचं नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी स्टुडिओंना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो द्यायची. शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर! आपण कुणाच्या मापात बसतच नव्हतो. आणि जिथं काळ्या माणसाचा चेहरा हवाच होता तिथं तो कशाला हवा होता? दक्षिण आफ्रिकेत पासबुकावर डकवायला. १९७० ला पोलरॉइड कंपनीत काम करणारे कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स, दोघं काळे कामगार, त्यांना कळलं की आपल्या कंपनीचा झटपट कॅमेरा तिकडच्या पासबुकांसाठी वापरतात. ते कंपनीविरुद्ध उभे राहिले, बाईची नोकरी गेली, पण १९७७ ला कंपनीला तो देश सोडावा लागला. कामगारांनी केलंय हे. दहावी पास माणसानं ध्यानात ठेवण्यासारखं.

आता त्या साहेबाकडं परत येतो. कॅमेरा खोटं बोलत नाही, असं तो म्हणला. कायदा काय म्हणतो? आपल्या शेजारच्या जालन्याचीच गोष्ट. २०१४ च्या निवडणुकीत कैलास गोरंट्याल २९६ मतांनी पडले. अर्जुन खोतकरांचा अर्ज वेळ संपल्यावर घेतला, असं त्यांचं म्हणणं. पुरावा कशाचा? निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला. नक्कल दाखवायची तर त्यासोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र पाहिजेच. पण ज्याचं यंत्र आहे तो स्वतः मूळ यंत्र घेऊन साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

एका वकील मित्रानं मला हे पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर समजावलं. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मूळ यंत्र मी ३०० रुपयांना भंगारात घातलं होतं. मूळ कार्डावर वरात नाचत होती. घड्याळ चुकलेलं असलं तरी कॅमेरा हातात असता तर सांगता आलं असतं, बघा साहेब, सेल काढले की हा असाच मागं जातो. साहेबानं दार लावलं होतं, खरंय. पण कुलूप मी घातलं.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आलाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्रात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, आतली तारीख-वेळ गळून पडते, आणि समोरच्याकडं दुसऱ्याच अंगठ्याचा फोटो पोचतो.

हे मी परभणीत का सांगतोय, तुम्हाला माहीत आहे. १० डिसेंबर २०२४ ला याच शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा, असा आदेश मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. तो ४ जुलै २०२५ ला मिळाला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं कायम केला. त्या दिवसांतले व्हिडिओ तुमच्या फोनात असतील. मी विचारतो, जागा कमी पडली म्हणून किती जणांनी पुसले? किती जणांनी तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला? मान खाली घालू नका. मीही घातलीय. आता बस झालं.

म्हणून एवढं करा. फोटो काढण्याआधी तारीख-वेळ बघा. माणूस उन्हात असेल तर आभाळाकडं पाठ करून उभा करू नका. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवा, उजेड वाढवा. आधी सगळ्या जागेचा फोटो, मग जवळचा, मग ओळखीची खूण, खांब नाहीतर विहीर. मूळ फोटोवर काही लिहू नका, रंग चढवू नका. पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नक्कल दोन ठिकाणी ठेवा, एक वस्तीच्या बाहेर. वहीत कुणी, कुठं, कधी काढला ते लिहा. आणि ज्यानं काढला तो फोन, ते कार्ड, जपा.

पुढच्या बैठकीला घरातले जुने कॅमेरे, बंद पडलेले फोन, डब्यात पडलेली कार्डं घेऊन या. मी सुट्टी काढून येतो, सोबत कार्ड वाचायचं यंत्र आणतो. एकेक उघडू. कुणाच्या कार्डात कुणाचा बाप उभा असेल, काय सांगावं.

आता कविता वाचतो. जयभीम.