दारूविषयी बोलावे कसे?

दारू वाईट, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे आलेलो नाही. ते आपण जाणताच. आणि पिणारा तर आपणा सर्वांहून अधिक जाणतो. मला बोलायचे आहे ते दारूविषयी आपण घरात, शाळेत, पारावर कसे बोलतो याबद्दल. हा विचार मला सुचला तो एका परक्या भाषेच्या वहीवरून.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली, पुण्यात स्पॅनिश भाषा शिकते. दिवाळीच्या सुटीत ती गावी आली होती. मी गेलो तर ओसरीवर वही उघडून बसलेली. दारूच्या दुष्परिणामांवर स्पॅनिशमध्ये पाच मिनिटे बोला, असा तिला गृहपाठ होता. तिने तो म्हणून दाखवला. कुठे अडखळली नाही. मी म्हटलं, “छान बोलतेस गं.” तशी ती हळूच म्हणाली, “सर, परक्या भाषेत बोलता येतं. आपल्या भाषेत तोंडच उघडत नाही.”

तिच्या वडिलांना दारूचे व्यसन आहे. ते आतल्या खोलीत झोपले होते.

विषय बदलावा म्हणून मी तिला विचारले, या भाषेत अवघड काय आहे? ती म्हणाली, “आपला ‘आहे’.” स्पॅनिशमध्ये ‘आहे’साठी दोन क्रियापदे आहेत. माणूस मुळात कोण, कसा, हे सांगायचे तर एक. आणि तो या घडीला कोणत्या स्थितीत आहे हे सांगायचे तर दुसरे. ‘एस उन बोर्राचो’ म्हणजे तो दारुडाच आहे. ‘एस्ता बोर्राचो’ म्हणजे तो आत्ता प्यालेला आहे. शब्द एकच, पण क्रियापद बदलले की माणूस बदलतो.

तिची आई ज्वारी निवडत बसली होती. “काय म्हणतीस माय?” तिने विचारले. मुलीने समजावून सांगितले. आईचे हात थांबले. जरा वेळाने म्हणाली, “मग तुह्या बापाला यातलं कोणतं लागू होतं?”

उत्तर मुलीलाही देता आले नाही आणि मलाही नाही. तो प्रश्न घेऊन मी घरी आलो.

आपल्याकडे दारूसंबंधी शब्दांचा तोटा नाही. आपला भाग १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. त्या राज्याची ‘आबकारी’ आपल्या जिभेवर राहिली, दारूचा ‘गुत्ता’ राहिला. हे झाले विक्रीचे शब्द. दारुडा, बेवडा, पिदाडा हे झाले हिणवण्याचे. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि त्यातल्या तळीरामाचे नाव थट्टेसाठी घरोघर झाले. पण ज्याला यातून बाहेर यायचे आहे, त्याच्याशी बोलायला शब्द किती आहेत? हाक मारायची तर आपल्याजवळ शिवीच असते.

मग आईच्या प्रश्नाला उत्तर काय? मी मराठी शिकवतो. उत्तर आपल्याच व्याकरणात सापडले. ताप आलेल्या माणसाला आपण ‘तो ताप आहे’ असे कधी म्हणत नाही. ‘त्याला ताप आहे’ म्हणतो. त्याला दमा आहे, त्याला साखर आहे. तसेच, ‘त्याला व्यसन आहे’. हा लहानसा ‘ला’ माणूस आणि त्याचा आजार यांना वेगळे ठेवतो. माणूस इकडे, आजार तिकडे. मग आपण माणसाच्या बाजूला उभे राहू शकतो.

हे केवळ शब्दांचे लाड नव्हेत. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्रच मानते. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यकृत बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. पण दारूने कर्करोगही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हातभट्टीत विषारी मिथिल अल्कोहोल मिसळले गेले, तर दृष्टी जाते, प्राणही जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे अशीच गेली.

तेव्हा बोलावे कसे? प्यालेल्या माणसाशी रात्री वाद घालू नये. सकाळी, तो शुद्धीवर असताना, चार माणसांत नव्हे तर एकट्याशी बोलावे. ‘तुम्ही असेच’ असे न म्हणता, काल काय घडले तेवढेच सांगावे. आणि एक गोष्ट विसरू नये. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून एकदम बंद’ अशी शपथ घालून घरात कोंडू नका. अचानक बंद केल्याने हातपाय कापतात, भास होतात, झटकेही येतात. क्वचित जीवावर बेतते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर दूरध्वनी करून सल्ला विचारता येतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात दारूबंदीचा निबंध जरूर द्या. पण ‘कोणाचे वडील पितात?’ असे चुकूनही विचारू नका. ज्या मुलाची वही कोरी राहील, त्याच्याजवळच सांगण्यासारखे सर्वांत जास्त असेल. त्याला वर्ग सुटल्यावर जवळ बसवा.

कोणी म्हणेल, इतके मऊ बोलून दारू हटायची नाही. खरे आहे. मऊपणा माणसाशी ठेवावा, धंद्याशी नव्हे. परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात गावकऱ्यांना मतदान मागता येते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. कित्येक गावांतल्या बायांनी एक शब्दही न बोलता बाटली आडवी केली आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? पुण्याला परतण्याच्या आदल्या सकाळी ती वडिलांजवळ बसली आणि मराठीत म्हणाली, “बाबा, तुम्हाला दारूचा त्रास आहे. आपण दवाखान्यात जाऊ.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू येशील का संगं?” ती एक दिवस जास्त राहिली.

दारू सुटली, असे मी आपल्याला सांगणार नाही. सुटली होती, संक्रांतीला पुन्हा लागली. पण या खेपेला ते आपणहून बायकोला म्हणाले, “चल, डाक्तरकडं जाऊ.” त्या घरात आता या गोष्टीवर बोलता येते. एवढेही थोडे नाही.