कर्करोगाची मोजदाद व आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



घरात कोणी कर्करोगाने दगावले, तर आपण ‘पोटाचा विकार होता’ असे सांगून मोकळे होतो. मुलींची लग्ने अडतील या भयाने रोगाचे नावही उच्चारीत नाही. हे मौन किती महाग पडते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

जो रोग मोजला जात नाही, त्याचे निवारण कोठून आरंभावे हे कळत नाही. म्हणूनच १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी निघाली. तेथील सेवक खेडोपाडी हिंडून रुग्णांचा शोध घेत. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी असल्याचे त्या नोंदींत दिसले. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देण्यात आली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

हे यश ज्यांनी आपले वय, गाव आणि आजार खरा सांगितला, त्या अनाम भगिनींचेही आहे. नोंदणीतील नावे गुप्त राखली जातात. तेव्हा नोंदणीसेवक दारी आला, तर त्यास विन्मुख पाठवू नका. आपण लपविलेला रोग उद्या आपल्याच लेकीसुनांना गाठील.